शंभर दिवसांची खोली

आमच्या खारघरच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याची टाकी, लिफ्टचा देखभाल-करार आणि कबुतरांसाठी बसवायच्या जाळ्या हे विषय संपल्यावर एका सभासदांनी आयत्या वेळच्या विषयांत असा ठराव मांडला की, कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णांना सोसायटीतील सदनिका भाड्याने देण्यासाठी यापुढे ना हरकत दाखला देऊ नये. कारणे तीन सांगण्यात आली : रोग पसरेल, अनोळखी माणसांची ये-जा वाढेल आणि हे लोक अकरा महिन्यांऐवजी चार महिन्यांचा करार मागतात. पहिल्या कारणाचे उत्तर सोपे होते. कर्करोग संसर्गजन्य नाही, उलट अशा रुग्णाला आपल्यापासून संसर्ग होण्याची भीती असते. तिसऱ्या कारणावर मात्र सभेत कोणी बोलले नाही आणि मलाही तेव्हा बोलता आले नाही. चारच महिने का, हा प्रश्न मी नंतर त्या वेळी आमच्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाकडूनच समजून घेतला. मराठवाड्यातून आलेल्या त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग होता, वडिलांच्या मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तातील बाकीच्या पेशी तयार होतात त्या पेशी, त्याला देण्यात आल्या होत्या, आणि ‘डे हंड्रेड’, म्हणजे पेशी दिल्यापासूनचा शंभरावा दिवस, उलटेपर्यंत रुग्णालयापासून लांब जायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. वडील शेतकरी, पण आज कितवा दिवस आहे हे ते पंचांगातली तिथी सांगावी इतक्या सहजपणे सांगत.

रक्तातील मूलपेशींच्या प्रत्यारोपणावरील संशोधनाविषयी आपल्याकडे जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुतेक पेशीविषयी, जनुकाविषयी आणि प्रयोगशाळेविषयी असते. ते चुकीचे नाही. परंतु माझे म्हणणे असे आहे की, या उपचारातील आपल्या देशापुढचे सर्वांत निकडीचे संशोधन-प्रश्न आज प्रयोगशाळेत कमी आणि त्या भाड्याच्या खोलीत अधिक आहेत. जुन्या, स्वस्त औषधांच्या मात्रेत आहेत, रक्तपेढीच्या साध्या फ्रिजमध्ये आहेत, खिडकीतून येणाऱ्या धुळीत आहेत. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संशोधनाने या प्रश्नांना दुय्यम मानणे सोडले पाहिजे. टाटा स्मारक केंद्राची संशोधन आणि उपचार करणारी मोठी संस्था खारघरमध्ये, सिडकोच्या या वसाहतीत, सुमारे साठ एकरांवर उभी आहे आणि तिच्या प्रत्यारोपण विभागात देशभरातून रुग्ण येतात. म्हणून हा प्रश्न नवी मुंबईकरांनी विचारावा, असे मला वाटते.

प्रत्यारोपण म्हटले की लोकांना शस्त्रक्रिया आठवते. इथे शस्त्रक्रिया नसते. आधी केमोथेरपीच्या, कधी त्याबरोबर किरणोत्साराच्या, जबर मात्रेने रुग्णाची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्त तयार करणारा गर, जवळजवळ रिकामी केली जाते. मग दात्याकडून घेतलेल्या मूलपेशी रक्ताच्या पिशवीसारख्या शिरेतून दिल्या जातात, आणि त्या आपल्या आपण हाडांच्या पोकळीत जाऊन रुजतात. रुजायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. त्या काळात नातेवाईक एकमेकांना भेटल्यावर ‘कसे आहात’ असे न विचारता ‘काउंट आले का’ असे विचारतात, कारण पांढऱ्या पेशींची संख्या वर येणे हीच पहिली खूण असते. लोकांना फारशी माहीत नसलेली गोष्ट पुढची आहे. दात्याच्या पेशी मोडलेल्या मज्जेची नुसती जागा भरत नाहीत. त्यांच्यातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात उरलेल्या कर्करोगाच्या पेशींना परके मानून मारतात. हुबेहूब जुळ्या भावंडाकडून पेशी घेतल्या तर त्या कुरबुरीविना रुजतात, पण रोग उलटण्याचे प्रमाण त्यातच जास्त असते, हे निरीक्षण या समजुतीचा मोठा आधार ठरले. म्हणजे थोडे परकेपण इथे औषधच आहे. तेच परकेपण अनावर झाले की दात्याच्या पेशी रुग्णाची त्वचा, आतडे आणि यकृत यांवर तुटून पडतात. त्याला डॉक्टर ‘जीव्हीएचडी’ म्हणतात. सात दशकांचे सगळे संशोधन या दोन टोकांमधला तोल सांभाळण्यासाठी झाले आहे.

सुरुवात भीषण होती. अमेरिकेत डोनॉल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले, त्यांपैकी कोणीही फार काळ जगले नाही. पुढील वर्षी पॅरिसमध्ये झाँ दोसे यांनी मानवी पेशींवरील ओळखखुणांचा, म्हणजे एचएलएचा, पहिला धागा शोधला, आणि दाता कोण असावा हे ठरवण्याचा मार्ग मोकळा झाला. दोसे यांना १९८० मध्ये आणि थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. पुढे हा विभाग खारघरला आला, आणि त्याबरोबर शंभर दिवसांसाठी खोली शोधणारी माणसेही.

आता दात्याचा हिशेब पाहू, कारण त्यात आपल्या समाजाचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास दडलेला आहे. एचएलएचा अर्धा संच आईकडून आणि अर्धा वडिलांकडून येतो, म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. माझ्या आईला पाच भावंडे होती. तिच्यावर ही वेळ आली असती तर त्यांपैकी किमान एक जण पूर्ण जुळण्याची शक्यता शंभरात ७६ होती. मला एकच बहीण आहे, माझी शक्यता २५. माझ्या मुलाला भावंड नाही. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण घरोघरी पोहोचला हे चांगलेच झाले, पण त्यामुळे ‘भावंड हाच दाता’ या गृहीतावर उभा असलेला उपचार ठाणे, डोंबिवली, नवी मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरांत आपोआप मोडकळीस आला.

यावर पहिले उत्तर म्हणून अनोळखी ऐच्छिक दात्यांच्या नोंदणीकडे बोट दाखवले जाते. जगभरात चार कोटींहून अधिक दाते नोंदलेले आहेत. साडेआठ कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या एकट्या जर्मनीत त्यांची संख्या नव्वद लाखांच्या पुढे आहे, आणि आपल्या दीडशे कोटींकडे चाललेल्या देशात ती अजून काही लाखांत मोजावी लागते. नोंदणी वाढली पाहिजे याबद्दल वाद नाही. अठरा ते पन्नास वयाच्या निरोगी माणसाने गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना द्यायचा, इतकीच ती सुरुवात असते. परंतु आपल्याकडे शतकानुशतके लग्ने जातीत झाली असल्याने एचएलएचे विशिष्ट संच विशिष्ट समाजांत एकवटलेले आढळतात, आणि नोंदणीची शिबिरे साधारणपणे महाविद्यालयांत आणि ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांच्या आवारात भरतात. ज्यांच्या शेतजमिनी आणि मिठागरे देऊन हे शहर उभे राहिले, त्या आगरी-कोळी गावांतल्या किंवा कर्जत-पेणच्या कातकरी वाडीवरल्या रुग्णाला त्या यादीत आपला माणूस सापडण्याची आशा किती धरावी? नोंदणी कितीही वाढली तरी तिच्या रचनेतला हा कल जाईपर्यंत ज्याचा समाज यादीत कमी, त्याचा दाताही कमी, असेच होत राहणार. म्हणून केवळ नोंदणीच्या आकड्याकडे प्रगती म्हणून पाहणे मला पटत नाही.

या कोंडीतून खरी वाट काढली ती एका जुन्या आणि स्वस्त औषधाने. सायक्लोफॉस्फामाइड हे केमोथेरपीचे औषध १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी ते प्रत्यारोपणाच्या आधीच नव्हे तर नंतरही, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी, द्यायचे ठरवले, आणि त्यांचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. कल्पना अशी होती की, दात्याच्या ज्या लिम्फोसाइट रुग्णाच्या शरीराला परके मानतात त्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच झपाट्याने वाढू लागतात, आणि नेमक्या त्या वाढत्या पेशी हे औषध मारते. मूलपेशींजवळ मात्र या औषधाला निष्प्रभ करणारे एक विकर (एन्झाइम) भरपूर असते, त्यामुळे त्या वाचतात. या युक्तीने अर्धाच संच जुळणारा दाताही चालू लागला. आई, वडील, मुलगा, मुलगी यांच्यापैकी प्रत्येक जण किमान अर्धा जुळतोच, तेव्हा बहुतेक घरांत दाता मिळू लागला. आमच्या इमारतीतल्या त्या मुलाला वडिलांच्या पेशी देता आल्या त्या याच संशोधनामुळे. पुढे हीच पद्धत पूर्ण जुळणाऱ्या दात्यांसाठीही तपासली गेली. अमेरिकेतील ज्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, तिच्यात एका वर्षाअखेर जिवंत असलेले, रोग न उलटलेले आणि गंभीर जीव्हीएचडीपासून मुक्त राहिलेले रुग्ण या औषधाच्या गटात शंभरात सुमारे ५३ होते, तर प्रचलित औषधांच्या गटात ३५. कोणतीही नवी पेशी शोधली गेली नव्हती. बदलले होते ते जुन्या औषधाचे वेळापत्रक.

दुसरे उदाहरण मला अधिकच आवडते, कारण त्यात नाट्य अजिबात नाही. मायलोमा या रक्तकर्करोगात रुग्णाच्या स्वतःच्याच मूलपेशी आधी काढून ठेवतात, मेल्फलान या औषधाची मोठी मात्रा देतात, आणि मग त्या पेशी परत करतात. काढलेल्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवणे ही सर्वमान्य पद्धत आहे. तिला यंत्रसामग्री लागते, प्रशिक्षित माणसे लागतात, आणि गोठवताना मिसळलेल्या रसायनाचा त्रास रुग्णाला पेशी परत देताना होतो. पण मेल्फलान काही तासांतच रक्तातून निघून जाते. मग गोठवायचेच कशाला? रक्तपेढीच्या चार अंश तापमानाच्या फ्रिजमध्ये पेशी काही दिवस नीट राहतात, एवढ्यात औषध देऊन त्या परत करता येतात. अल्जीरिया, मेक्सिको आणि भारतातील केंद्रांनी हे करून पाहिले आणि पेशी तितक्याच चांगल्या रुजतात असे दाखवले. लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगात दिली जाणारी औषधांची मालिका सहा-सात दिवस चालते, त्यामुळे तिथे ही युक्ती तितकी सरळ बसत नाही. पण मायलोमासाठी ती जिल्ह्याच्या ठिकाणच्या चांगल्या रुग्णालयालाही परवडणारी आहे. श्रीमंत देशांत हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारणच नव्हते, कारण द्रव नायट्रोजन त्यांच्याकडे होताच. गरजेपोटी पडलेल्या प्रश्नाला कमी प्रतीचे विज्ञान मानण्याची आपली सवय इथे उघडी पडते.

यावर कोणी म्हणेल की, नव्या पेशींवरील संशोधनही आपल्याकडेच झाले आणि तेही याच खारघरमध्ये. ते खरे आहे आणि अभिमानास्पद आहे. आयआयटी मुंबईची प्रयोगशाळा आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या ‘नेक्सकार-१९’ या भारतीय कार टी-सेल उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पवईला त्याचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कर्करोगाची खूण ओळखायला शिकवून परत देणारा हा उपचार परदेशांतील किमतीच्या सुमारे एक दशांशात उपलब्ध झाला. पण ‘एक दशांश’ म्हणजेही तीस-चाळीस लाखांच्या घरातली रक्कम होते. शिवाय काही रुग्णांना कार टी-सेलनंतर, रोग आटोक्यात असतानाच, पुन्हा मूलपेशी प्रत्यारोपणाकडे वळावे लागते, म्हणजे शंभर दिवसांची खोली इथेही चुकत नाही. माझ्या मते या यशाचा खरा धडा निराळा आहे : तेच विज्ञान आपल्या खर्चात कसे बसेल, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर ठेवल्यामुळे हे साधले. तोच प्रश्न प्रत्यारोपणाच्या बाकी टप्प्यांना का विचारू नये?

आणि जाता जाता हेही नमूद केले पाहिजे की, काही वेळा उत्तम संशोधन प्रत्यारोपणाची गरजच संपवते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्तकर्करोग हे एकेकाळी दात्याच्या पेशी देण्याचे जगभरातील एक प्रमुख कारण होते. २००१ मध्ये इमॅटिनिबची गोळी आली आणि काही वर्षांत त्या रोगासाठीची प्रत्यारोपणे अपवाद ठरली. भारतात ती गोळी गरिबाला परवडली ती स्वस्त जेनेरिक औषधांमुळे, आणि १ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो मार्ग पेटंटपासून मोकळा राहिला. न्यायालयातली ती लढाईसुद्धा रक्तकर्करोगाच्या उपचाराचाच भाग होती.

आता त्या खोलीकडे येतो. पेशी रुजल्या, काउंट आले, घरी सोडले, म्हणजे रुग्ण सुखरूप झाला असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात पांढऱ्या पेशींची संख्या भरून आली तरी त्यांना शहाणपण यायला अनेक महिने लागतात. त्यातून जीव्हीएचडी दाबण्यासाठी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस, आणि तो उफाळला तर स्टिरॉइड चालू असते. आठवड्यातून एक-दोनदा रक्त तपासून औषधाची पातळी पाहावी लागते, कारण बुरशीविरोधी औषध सुरू केले की टॅक्रोलिमसची पातळी चढते आणि मूत्रपिंडांवर बेतते. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आपल्याकडील बहुतेक प्रौढांच्या शरीरात लहानपणापासूनच निद्रिस्त असतो. तो या काळात जागा होतो का, याचीही तपासणी चालू ठेवावी लागते. ज्या देशांत निम्म्या प्रौढांत हा विषाणू आढळत नाही, त्यांचे नियम आपल्याला जसेच्या तसे लागू कसे पडतील? क्षयाचेही तेच, आणि भारी प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या आतड्यातील जिवाणूंचेही तेच.

धुळीचा प्रश्न तर खास आपला म्हणावा असा आहे. ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, फुफ्फुसाच्या शेवटच्या कोशापर्यंत पोहोचणारे. माती उकरली, भिंत पाडली, रेती ओतली की ते हवेत उठतात. आपण ते रोज श्वासातून घेतो आणि आपले काही बिघडत नाही. प्रत्यारोपणाच्या कक्षात हेपा फिल्टर बसवलेला असतो, तो ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा शंभरात ९९.९७ या प्रमाणात अडवतो, आणि आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी धूळ आत येत नाही. तीन-चार आठवडे असा जपलेला रुग्ण बाहेर पडतो तो कुठे? ज्या शहरात बेलापूर-पेंधर मेट्रोचे काम वर्षानुवर्षे चालले, जिथे सिडकोच्या गृहप्रकल्पांचे मनोरे तळोज्यापर्यंत चढत गेले, जिथे डोंगर कापून विमानतळ झाला आणि आता त्याच्या भोवतीने पुन्हा नवे बांधकाम सुरू आहे, अशा शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, जिच्या शेजारच्या प्लॉटवर सकाळी सातपासून पोकलेन चालतो आणि जिच्या बाल्कनीत कबुतरांनी घर केलेले असते. स्टिरॉइड चालू असलेल्या रुग्णाला बुरशीचा न्यूमोनिया झाला तर त्याच्यावरच्या औषधांचा खर्च कुटुंबाला पुन्हा नव्याने उभा करावा लागतो, आणि हा संसर्ग माणसे मारतो.

मग आपल्याला काय माहीत असायला हवे? अशा खोल्यांतील हवेत ऋतूंनुसार बीजाणू किती असतात. खिडकीला साधी ओली जाळी लावून, झाडण्याऐवजी पुसून, काही हजारांचा घरगुती हेपा फिल्टर ठेवून ते किती कमी होतात. आणि ते कमी झाल्याने रुग्णाच्या फुफ्फुसात प्रत्यक्ष फरक पडतो का. हे सगळे मोजता येते. हवेचा नमुना घेणारे यंत्र महागडे नसते. चिठ्ठ्या टाकून निम्म्या खोल्यांना फिल्टर देऊन निम्म्यांना न देता तुलना करता येते. याला कोणी समाजकार्य म्हणेल, पण औषधाची चाचणी जितकी शास्त्रीय तितकीच ही.

आहाराचेही असेच. प्रत्यारोपणानंतर कच्चे काहीही खायचे नाही, असा दंडक दशकानुदशके पाळला गेला. इटलीतील एका चाचणीने २०२३ मध्ये दाखवले की, नीट धुतलेली ताजी फळे आणि भाज्या दिल्याने संसर्ग वाढत नाही. हे वाचून मला त्या मुलाची आठवण झाली. पावसाळ्यात काकडीच्या कोशिंबिरीसाठी तो रडकुंडीला आला होता. परंतु इटलीतल्या नळाचे पाणी आणि आपल्या सोसायटीच्या टाकीतून येणारे, सफाईचा ठराव दर वर्षी नव्याने करावे लागणारे पाणी यांत फरक आहे. त्याला काकडी द्यावी की नाही, याचे उत्तर मिलानहून येणार नाही.

या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप असा आहे की, देशात प्रत्यारोपणाच्या खाटाच अपुऱ्या आहेत, रांगेत थांबलेल्या रुग्णाचा रोग तोवर उलटतो, तेव्हा असलेला पैसा खाटांवर घालावा. खोल्या आणि धूळ मोजण्याची चैन नंतर करावी. मी हा आक्षेप हलका मानत नाही. पण खाट अडते ती पुष्कळदा रुग्णाला बाहेर सोडण्यासारखी जागा नसल्यामुळेच. काउंट आलेला रुग्ण जवळच्या, स्वच्छ आणि भरवशाच्या खोलीत जाऊ शकत असेल तर तो काही दिवस आधी निघू शकतो, आणि त्याच खाटेवर वर्षाला आणखी काही रुग्ण घेता येतात. मेक्सिकोत तर स्वतःच्या पेशींचे प्रत्यारोपण रुग्णाला दाखल न करता, जवळच्या निवासातून रोज ये-जा करवून केले जाते. तेव्हा खोली हीही एक खाटच समजली पाहिजे, आणि तुलनेने फार स्वस्त खाट.

आपल्या परंपरेत ही समज नवी नाही. गाडगेबाबांनी देवळाऐवजी धर्मशाळा बांधल्या, आणि दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही परळच्या रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना आसरा देते. खारघरमध्ये लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडसारख्या संस्थांनी खोल्या उभ्या केल्या आहेत. प्रौढ रुग्ण मात्र बहुतांशी दलालाच्या भरवशावर असतो : दोन महिन्यांचे भाडे दलाली, तीन महिन्यांचे डिपॉझिट, पोलिस पडताळणी, आणि अकरा महिन्यांच्या करारातले सात महिने वाया. वडीलच दाता, वडीलच कमावते आणि चोवीस तास जवळ राहणारेही वडीलच, अशा घरात या रकमेचा अर्थ काय होतो हे मी पाहिले आहे. एका बैलजोडीची किंमत त्यात गेली होती. एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीत रुग्णाला औषध फुकट मिळते. मग ज्या चाचणीत राहण्याची जागा हाच तपासायचा उपचार असेल, तिथे भाडे संशोधनाच्या अंदाजपत्रकात का धरू नये?

शंभराव्या दिवसानंतरचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण तिथे आपली व्यवस्था जवळजवळ मुकी आहे. प्रत्यारोपणाने लहानपणी घेतलेल्या लसींची आठवण पुसली जाते. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, न्यूमोकॉकस, कावीळ-ब या सगळ्या लसी काही महिन्यांनंतर पहिल्यापासून द्याव्या लागतात, आणि गोवरासारख्या जिवंत लसी साधारण दोन वर्षांनी, औषधे थांबलेली असतील तरच. म्हणजे मिसरूड फुटलेल्या मुलाने आरोग्य केंद्रात तान्ह्या बाळांच्या रांगेत उभे राहायचे. आमच्या शेजारचा मुलगा गावी परतल्यावर तिथल्या केंद्रात गेला तेव्हा ‘या लसी मोठ्यांना नसतात’ असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. केंद्रातील ताईंचा यात दोष नाही, त्यांच्या वहीत असा रकानाच नाही. एका पानाचे मराठी वेळापत्रक, त्यावर प्रत्यारोपण केंद्राचा शिक्का आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना एक परिपत्रक, इतक्याने हे काम होण्यासारखे आहे. ते तसे होते का, किती रुग्णांच्या लसी पूर्ण होतात आणि त्यांतल्या किती लागू पडतात, हेही संशोधनच. रुग्ण गावी गेला की त्याचे पुढे काय झाले याची नोंद तुटते, आणि जगलेल्यांची आणि गेलेल्यांची नोंद नसेल तर आपले यशाचे आकडे कोणत्या आधारावर सांगायचे, हा प्रश्न उरतोच.

हे सगळे एकट्या संशोधन संस्थेने करायचे नाही. खारघर नवी मुंबईत मोडत असले तरी महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड. भूखंड सिडकोच्या हातात, भाडेकरारांचा कायदा राज्याचा आणि ना हरकत दाखला सोसायटीचा. वैद्यकीय कारणासाठी चार महिन्यांचा करार कोणत्याही अडथळ्याविना मिळावा, प्रत्यारोपण केंद्राजवळच्या बांधकामांना हिरवे पडदे आणि पाण्याचा फवारा यांचे नियम कागदावर न ठेवता लावावेत, आणि सिडकोने एका भूखंडावर शंभर खोल्या बांधून त्या चाचणीसाठी केंद्राकडे सोपवाव्यात, इतक्या मागण्या मला अवास्तव वाटत नाहीत. भूखंडाला वेळ लागेल. तोवर प्रयोग आहे त्या इमारतींमध्येच सुरू करता येईल. त्यासाठी दहा-वीस सोसायट्यांनी आपल्या सभासदांना रुग्णांना खोल्या देऊ द्यायला आणि तिथे हवेचे नमुने घेऊ द्यायला हवेत. आमच्या सभेतला तो ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब झाला आहे. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर, कबुतरांच्या जाळ्यांच्या खाली, मी हवेच्या नमुन्यांचा विषय लेखी देऊन ठेवला आहे.